पुस्तकाला कुलूप लावायचं का?



मागच्या महिन्यात पंचवटीत आमच्या गटांची बैठक झाली. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि ठरावाची वही मिटायच्या आत एक विषय निघाला. त्यावर दोन तास बोलणं चाललं. चहा दोनदा झाला, तरी कुणी उठेना. विषय होता आमच्या वाळवणाच्या पुस्तकाचा.

आधी पुस्तक कसलं ते सांगतो. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव आणि पंचवटी इथल्या आमच्या बायकांनी पापड, कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, नागलीचे पापड यांच्या कृती एकत्र लिहून काढल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगितल्या आणि दुसऱ्या कुणी उतरवून घेतल्या. छोटं पुस्तक छापलं. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आणि बचत गटांच्या प्रदर्शनात प्रती संपल्या. मग मुंबई-पुण्याहून फोन यायला लागले. पण टपालाचा खर्च पुस्तकाच्या निम्म्या किमतीएवढा, आणि पुन्हा छापायचं तर गटाचे पैसे सहा महिने अडकणार. तेव्हा एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं सुचवलं की ई-पुस्तक काढा. छपाई नाही, टपाल नाही. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की आपण फोनवर पुस्तक पाठवायचं.

सगळ्यांना पटलं. पण सचिव ताई म्हणाल्या, "एकीनं विकत घेतलं की ती शंभर जणींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. मग आपल्या हातात काय राहिलं? कुलूप लावा." दुसऱ्या ताई म्हणाल्या, "कुलूप लावलं तर माझ्या बहिणीलाच उघडता येणार नाही. तिला साधा पासवर्ड लक्षात राहत नाही." आणि नागलीच्या पापडांची कृती ज्यांनी सांगितली त्या आजी शेवटी एवढंच म्हणाल्या, "कुलूप लावा की लावू नका, माझं नाव राहील ना त्यावर?"

या तीन बोलण्यांचा आम्ही महिनाभर अभ्यास केला. काय समजलं ते आज सांगतो. तुमच्या गटानंही उद्या ओव्यांचं, पाककृतींचं किंवा शिवणकामाचं पुस्तक काढलं तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. त्याला डीआरएम म्हणतात, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून ई-पुस्तकावर घातलेलं बंधन. त्याचे साधारण तीन प्रकार आहेत. एक, पीडीएफला पासवर्ड लावणं. दोन, पुस्तक एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच उघडतं आणि ज्या खात्यावर घेतलं त्याच खात्यावर दिसतं. किंडलची बरीच पुस्तकं अशी असतात आणि मराठी पुस्तकं विकणाऱ्या बुकगंगाची ई-पुस्तकंही त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात. तिसऱ्या प्रकारात कुलूप नसतं. पानाच्या तळाशी खरेदी करणारीचं नाव छापलेलं असतं, म्हणजे पुस्तक फिरलं तर कुठून निघालं ते कळतं.

आता कुलपाची अडचण कुठं आहे ते बघा. आपण घराला कुलूप लावतो तेव्हा किल्ली आपल्या कनवटीला असते आणि चोर बाहेर असतो. पुस्तकाचं तसं नाही. जिनं पैसे दिले तिला पुस्तक वाचता आलंच पाहिजे. म्हणजे कुलूपही तिच्याच फोनमध्ये आणि किल्लीही तिच्याच फोनमध्ये ठेवावी लागते. पासवर्ड लावला, तर पुस्तकासोबत पासवर्डही पुढे पाठवता येतो. पक्कं कुलूप लावलं, तरी पडद्याचा फोटो काढता येतो. पडद्याचा फोटो बंद केला, तर दुसऱ्या फोननं समोरून फोटो काढता येतो. आमचं पुस्तक ऐंशी पानांचं आहे, एवढे फोटो काढायला अर्धा तास पुरे. ज्याला चोरायचंच आहे त्याचं काम कुलपानं अर्ध्या तासानं लांबतं. आणि एकानं उघडं करून सोडलं की पुढच्यांना कुलूप भेटतच नाही.

मग कुलूप कुणाला अडवतं? पैसे देणारीला. हे आमच्यात घडलेलं आहे. आमच्या एका मैत्रिणीनं पुतण्याच्या फोनवरून, त्याच्याच खात्यावर एक ई-पुस्तक विकत घेतलं. पुतण्या नोकरीला बाहेरगावी गेला, फोन घेऊन गेला. हिनं नवीन फोन घेतला, पण पुस्तक काही येईना. पैसे हिचे, खातं त्याचं. चौकशी केली तेव्हा ज्याच्या खात्यावर घेतलं त्यालाच मिळेल असं उत्तर आलं.

मैत्रिणींनो, हा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे. कुलूप बनवणाऱ्यांनी असं धरलेलं असतं की एका माणसाचा एक फोन आणि एक खातं. आपल्या कितीतरी घरांत एकच चांगला फोन असतो, तो दिवसा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो आणि बाईच्या हातात रात्री स्वयंपाक आवरल्यावर येतो. सिम बदलतं, ई-मेल भावानं काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड भावालाच माहीत. अशा घरात खात्याला बांधलेलं पुस्तक बाईचं होत नाही, खातेदाराचं होतं.

दुसरी गोष्ट वाचून दाखवण्याची. ज्यांना वाचता येत नाही किंवा वयानं दिसेनासं झालंय, त्यांना हल्ली फोन मजकूर मोठ्यानं वाचून दाखवू शकतो. पण काही कुलुपं फोनला मजकुराला हातच लावू देत नाहीत. पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ केली तरी तेच होतं. आमच्याच आजींना त्यांची स्वतःची कृती ऐकता आली नसती.

तिसरी गोष्ट, कुलूप ज्या कंपनीचं, किल्ली तिच्या हातात. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली, कारण ज्यानं ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले आणि नंतर कंपनीनं माफीही मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक घरातून कुणी उचलून नेऊ शकतं हे जगाला कळलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. लोकांचे पैसे परत केले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली. छापील पुस्तक दुकान बंद पडलं म्हणून फडताळातून नाहीसं होत नाही.

म्हणून काही मोठ्या विक्रेत्यांनीही कुलपं काढली. अ‍ॅपलनं २००९ मध्ये आपल्या दुकानातल्या गाण्यांवरची कुलपं काढली. टॉर नावाच्या प्रकाशकानं २०१२ मध्ये ई-पुस्तकांवरची कुलपं काढली आणि वर्षभरानंतर सांगितलं की त्यामुळे चोरी वाढलेली दिसत नाही. त्याच वर्षी हॅरी पॉटरची ई-पुस्तकं लेखिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकायला आली, तीही कडक कुलपाऐवजी खरेदीदाराची खूण घालून.

आता सचिव ताईंची बाजूही खरी आहे. फुकट फिरणाऱ्या पुस्तकानं नुकसान होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर किती फिरल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्यातल्याही कितीतरी जणींनी त्या चांगल्या मनानं पुढे पाठवल्या. त्यामागे एखाद्या लेखिकेचं किंवा छोट्या प्रकाशकाचं पोट आहे हे डोक्यातही आलं नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं तर फार होतं. दिल्लीच्या नीतू सिंग या शिक्षिकेची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामवर परवानगीशिवाय वाटले जात होते. एक वाहिनी बंद केली की दुसरी उघडायची. त्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं टेलिग्रामला हुकूम दिला की या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती द्या. त्यांच्या मदतीला शेवटी कायदा आला हे लक्षात ठेवा.

कायदा आपल्याकडे आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर पुस्तकासाठी फी ५०० रुपये आहे आणि भांडणाच्या वेळी तो चांगला पुरावा होतो. हा हक्क लेखिकेच्या हयातीत आणि तिच्यानंतर ६० वर्षं टिकतो. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली वारल्या, म्हणून ते पुस्तक आज कुणीही छापू शकतं. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. जाणूनबुजून नक्कल करून विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं, हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं हाही गुन्हा ठरवला आहे.

पण कायदा काय राखत नाही तेही समजून घ्या. एक किलो नागलीच्या पिठाला किती पाणी आणि किती पापडखार, या ज्ञानावर कुणाचाही कॉपीराइट नाही. तुमचे शब्द, तुम्ही काढलेले फोटो, तुमची मांडणी यांवर आहे. कुणी आमचं पुस्तक वाचून पापड केले आणि विकले तर ती चोरी नाही, ते तर आम्हाला हवंच आहे. तसंच एका घरातून दुसऱ्या घरात छापील पुस्तक वाचायला जाणं हीही चोरी नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम याच रीतीवर चालतो. पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाते. वाचनाची सवय अशीच लागते. फरक एवढाच की छापील पुस्तक दिलं तर आपल्याकडे राहत नाही, आणि फाइल पाठवली तर आपल्याकडेही राहते आणि शंभर नवीन होतात.

मग आम्ही सरळ हिशेब मांडला. समजा पुस्तकाची किंमत ६० रुपये. १०० जणींनी विकत घेतलं, म्हणजे ६,००० रुपये आले. आणखी ४० जणींना ते फुकट मिळालं. सचिव ताई म्हणाल्या, २,४०० रुपये बुडाले. आम्ही विचारलं, या ४० जणींतल्या किती जणींनी पैसे देऊन घेतलं असतं? सगळ्यांनी मिळून विचार केला आणि पाच-सहा हा आकडा निघाला. म्हणजे खरं नुकसान साधारण ३०० ते ३६० रुपये. आता उलटं बघा. कुलपामुळे १०० पैकी १० जणींना पुस्तक उघडलं नाही, तर ६०० रुपये परत करावे लागतील, दहा फोन घ्यावे लागतील आणि त्या दहा जणी चार जणींना सांगतील की यांचं पुस्तक घेऊ नका, उघडत नाही. हा आमच्या पुस्तकाचा हिशेब झाला. तुमची किंमत आणि तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल, तर तुमचा हिशेब तुम्ही मांडा. महाग पुस्तक, परीक्षेचं पुस्तक, एका वर्षात जुनं होणारं पुस्तक असेल तर कुलपाचा विचार करायला हरकत नाही. आमच्यासारख्या छोट्या पुस्तकाला खरा धोका वेगळाच असतो. ते कुणाला माहीतच होत नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. मागे आमच्या छापील पुस्तकातली एक कृती कुणीतरी शब्द न् शब्द वाचून व्हिडिओत दाखवली होती. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. आजींना पैशाचं काही वाटलं नाही, नावाचं वाटलं. कुलूप लावलं असतं तरी ते थांबलं नसतं, कारण त्या माणसानं पुस्तक विकतच घेतलं होतं.

नाव कसं राखतात याचा एक मोठा नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. कुणीही फुकट वाचावं, ऐकावं. कुलूप नाही. पण ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. ज्या बायकांचं नाव कधी कागदावर आलं नव्हतं, त्यांचं नाव तिथं राहिलं आहे.

हे सगळं ऐकून झाल्यावर आम्ही पुढच्या बैठकीत जो ठराव केला तो मुद्द्यानं सांगतो.

पहिलं, पुस्तकाला कुलूप लावायचं नाही. पण गट स्वतः विकेल त्या प्रत्येक प्रतीवर, पानाच्या तळाशी, घेणारीचं नाव आणि आमच्या वहीतला विक्री क्रमांक टाकायचा. फोन नंबर टाकायचा नाही, कारण पुस्तक फिरलं तर नंबरही फिरेल. संगणकावर तळओळ बदलून पीडीएफ करायला दोन मिनिटं लागतात. आठवड्याला दहा-पंधरा प्रतींना हे सहज जमतं.

दुसरं, प्रत्येक कृतीखाली सांगणारीचं नाव आणि गाव. पहिल्या पानावर साध्या शब्दांत विनंती: हे पुस्तक बायकांच्या कष्टाचं आहे, आवडलं तर मैत्रिणीला फाइल पाठवू नका, आमचा नंबर पाठवा. सुरुवातीची दहा पानं मात्र नमुना म्हणून फुकट, ती हवी तेवढी पुढे पाठवा. बायकांना फुकट काय द्यायचं आणि विकत काय घ्यायचं हे नीट सांगितलं की बऱ्याच जणी ते पाळतात, हा आमचा बाजारातला अनुभव आहे.

तिसरं, मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा. आमचं छापील पुस्तक डीटीपीवाल्यानं जुन्या फाँटमध्ये केलं होतं. ते फोनवर शोधता येत नाही की फोनला वाचून दाखवता येत नाही. पुन्हा टाइप करावं लागलं, तो खर्च तुम्ही वाचवा. छोट्या फोनसाठी अक्षर मोठं ठेवा आणि ईपब करून घेता आलं तर उत्तम, त्यात पडद्याप्रमाणे ओळी बसतात.

चौथं, विक्री दोन ठिकाणी. गटाच्या क्यूआर कोडवर पैसे घेऊन आपण थेट पाठवायचं, यात जवळजवळ पूर्ण पैसे गटाला राहतात. आणि एखाद्या मोठ्या दुकानावरही ठेवायचं, म्हणजे लांबच्यांना सापडेल. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळतात आणि आपलं पुस्तक आपल्याला चढवता येतं. पण तिथं विक्रीचा वाटा, अटीप्रमाणे, ३५ किंवा ७० टक्के मिळतो. ७० च्या अटींत पुस्तक दुसरीकडे विकायचं नाही अशीही अट येऊ शकते, म्हणून बटण दाबण्याआधी वाचून घ्या. डीआरएम हवं का, हे पुस्तक चढवतानाच विचारतात. तिथं 'नको' निवडा. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक हवा असेल तर भारतात तो सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

पाचवं, आणि हे विसरू नका, आपसातलं लिहून ठेवा. कृती सांगणारीचा हक्क आपोआप गटाचा होत नाही. हक्क देण्याचा कागद लेखीच लागतो आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून आम्ही प्रत्येकीकडून साध्या मराठीत संमतीपत्र घेतलं: कोणती कृती, किती वर्षं, विक्रीतला वाटा किती. मोठ्या दुकानावर पॅन आणि बँक खातं लागतं. ते एकीच्या नावावर असेल तर दर महिन्याला तिनं हिशेब बैठकीत वाचून दाखवायचा आणि वहीत सह्या घ्यायच्या. गट बाहेरच्या चोरीपेक्षा आतल्या गैरसमजानं लवकर फुटतात, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

आणि पुस्तक कुठं फुकट फिरताना दिसलं तर? आधी पडद्याचा फोटो काढून पुरावा ठेवा. मग त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला नम्रपणे लिहा. बहुतेकांना आपण चूक करतोय हे माहीतच नसतं. ऐकलं नाही तर त्या अ‍ॅपकडे तक्रार करा. पैसे घेऊन कुणी विकत असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घ्या.

सिंहस्थ जवळ येतोय. २०२७ मध्ये रामकुंडावर देशभरातून माणसं येतील. त्यांच्या पिशवीत आमचं छापील पुस्तक मावेल न मावेल, पण स्टॉलवरचा क्यूआर कोड फोनमध्ये नक्की मावेल. तोवर टायपिंग पूर्ण करायचं आहे.

ठराव वाचून झाल्यावर सचिव ताईंनी सही केली, पण पुढे एक ओळ घालायला लावली: सहा महिन्यांनी हिशेब बघून पुन्हा विचार करावा. ते योग्यच आहे. आजींनी अंगठा उठवण्याआधी त्यांच्या पानाचा कच्चा नमुना मागितला. आम्ही फोन त्यांच्या कानाशी धरला आणि फोननं वाचून दाखवलं, नागलीचे पापड, खाली त्यांचं नाव, गाव. "गावाचं नाव नीट म्हणत नाही हा," आजी म्हणाल्या. आणि मग अंगठा उठवला.